टीम हरतेय, हरतेय, आणि तरी बघायचंय: आइस हॉकीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेची आइस हॉकी लीग, बघणाऱ्या वाचकांना म्हटलं होतं की काय विचारायचं ते विचारा, आणि जे प्रश्न आले ते बहुतेक सगळे एकाच दुखण्याचे निघाले, आपली टीम हरतेय आणि हार थांबायचं नाव घेत नाहीये. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. काही जणांनी टीमची नावं लिहिली होती ती काढलीत, कारण दुखणं सगळ्यांचं सारखंच आहे.

प्रश्न: आमच्या टीमने गेल्या नऊ मॅचपैकी सात घालवल्या. अजून डिसेंबर पण उजाडला नाही आणि जो तो म्हणतोय सीझन संपला. खरंच संपला का? की आशा ठेवायची?

उत्तर: संपला नाही. पण "अजून खूप मॅच आहेत" म्हणून झटकून टाकण्यासारखंही नाहीये. आधी एक करा, त्या सात मॅच उघडून बघा की किती साठ मिनिटांत, म्हणजे मॅचच्या ठरलेल्या वेळात, हरल्या आणि किती ओव्हरटाइम किंवा शूटआउटला गेल्या. जिंकलात तर दोन पॉइंट, साठ मिनिटांत हरलात तर शून्य, पण ओव्हरटाइम किंवा शूटआउटला हरलात तरी एक मिळतो, म्हणजे सातपैकी तीन तशा असतील तर नऊ मॅचमध्ये सात पॉइंट झाले, वाईट आहे पण बुडालेलं नाही. मात्र हाच नियम मागे पडलेल्या टीमच्या मुळावर पण येतो, कारण तुमच्या पुढच्या दोन टीम एकमेकींशी खेळून ओव्हरटाइमला गेल्या की एकीला दोन, दुसरीला एक, दोघीही पुढे सरकतात आणि तुम्ही त्या रात्री खेळलाच नव्हतात तरी आणखी मागे पडता. सहा पॉइंटचं अंतर दिसायला तीन मॅचचं दिसतं, पण ते भरून काढायला कधी कधी दीड-दोन महिने जातात.

लीग बघणारे लोक नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगला टेबल बघतात, कारण त्या दिवशी जे प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेरीच्या) जागेत असतात त्यांच्यातले साधारण चारातले तीन एप्रिलमध्येही तिथेच सापडतात. हे ऐकून पोटात गोळा येतो हे मान्य, पण उलटं वाचा ना, सोळा जागांमधल्या चारेक जागा बदलतात. त्या चारात यायचंय.

आणि एक सीझन आहे जो प्रत्येक हरणाऱ्या टीमच्या फॅनने पाठ करून ठेवावा, २०१८-१९. त्या नोव्हेंबरमध्ये बफेलो सेबर्सने सलग १० मॅच जिंकल्या आणि २५ मॅचनंतर ३६ पॉइंट घेऊन अख्ख्या लीगमध्ये वर बसले. त्याच वेळी सेंट लुईस ब्लूज गटांगळ्या खात होते, कोचला नोव्हेंबरमध्येच काढलं होतं, डिसेंबरमध्ये प्रॅक्टिसला त्यांचेच दोन खेळाडू एकमेकांना भिडले, आणि ३ जानेवारी २०१९ ला सकाळी टेबल बघितलं तर ३७ मॅच, ३४ पॉइंट, ३१ टीममध्ये शेवटचा नंबर. पुढे काय झालं? ब्लूजने उरलेल्या ४५ मॅचमध्ये ३० जिंकल्या, ९९ पॉइंटवर सीझन संपवला आणि १२ जूनला बॉस्टनमध्ये फायनलची सातवी मॅच ४-१ ने जिंकून स्टॅनली कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा कप, उचलला, १९६७ पासून खेळणाऱ्या टीमचा पहिलाच. बफेलो ७६ पॉइंटवर संपले आणि प्लेऑफला गेलेच नाहीत. त्यांच्या त्या दहा विजयांमधले बरेच ओव्हरटाइम आणि शूटआउटमधले होते, म्हणजे थोडं इकडचं तिकडे झालं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं, आणि नोव्हेंबरमध्ये हे बोलणाऱ्याचं कोणी ऐकलं नसतं. असं दरवर्षी होत नाही, ब्लूजसारखी उडी फार दुर्मिळ आहे हे पण सांगायलाच हवं. पण टेबलातली जागा आणि टीम खेळतेय कशी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हरण्याच्या काळात दुसरीकडे जास्त बघायचं.

प्रश्न: सगळे गोलकीपरला शिव्या देतायत. मला तो बिचारा एकटाच लढतोय असं वाटतं. हे ठरवायचं कसं?

उत्तर: तुम्हाला असं वाटतंय यातच तुम्ही मॅच नीट बघताय हे कळतं. आकडा आधी घेऊ. एका मॅचमध्ये गोलकीपरवर साधारण तीस शॉट येतात आणि आजकाल शंभरातले नव्वद अडवले की काम ठीक चाललंय म्हणतात. आता ९१ टक्के आणि ८८ टक्के यात फरक तीनचाच दिसतो, पण तीस शॉटवर तो जवळजवळ एक गोल होतो, रोज, प्रत्येक मॅचला. एक गोल म्हणजे किती मॅच इकडच्या तिकडे होतात बघा. त्यामुळे गोलकीपरचा फॉर्म गेला की चांगली टीमसुद्धा भंगार दिसायला लागते, हे खरंच आहे.

पण तो अडवू शकला असता का, हे टक्केवारी सांगत नाही. ते डोळ्यांनी बघायचं. पुढचा गोल बसला की रिप्लेमध्ये पक, म्हणजे ती रबरी चकती, नेटमध्ये गेला तो क्षण सोडा, त्याआधीचे दोन सेकंद बघा. पक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आडवा गेला का? गेला असेल तर गोलकीपरला एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरकत जावं लागतं आणि तो पोचायच्या आत शॉट आलेला असतो, हा गोल मधल्या मोकळ्या सोडलेल्या पासचा आहे, त्याचा नाही. समोर दोन-तीन जण उभे राहून त्याची नजर अडवत होते का? मग त्याला पक सुटताना दिसलाच नाही, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला हलवायचं काम डिफेन्समनचं होतं. पहिला शॉट त्याने अडवला आणि सुटलेल्या पकवर दुसराच तुटून पडला का? इथे दोघांची चूक असू शकते, त्याने पक छातीत धरायला हवा होता आणि बाकीच्यांनी समोरच्याची स्टिक उचलायला हवी होती. आणि लांबून, ब्लू लाइनजवळून (हल्ल्याचा भाग जिथे सुरू होतो ती निळी रेषा), समोर कोणी नसताना साधा शॉट काखेतून गेला, तर मग तो त्याचाच. आठवडाभर असं बघा, तुम्हाला कोणाला विचारायची गरज पडणार नाही.

अजून एक आकडा आहे, पीडीओ म्हणतात त्याला. आपल्या टीमच्या शॉटपैकी किती टक्के गोल झाले, आणि आपल्या गोलकीपरने किती टक्के अडवले, ही दोन्हींची बेरीज. लांबच्या पल्ल्यात ती बहुतेकांची १०० च्या आसपास येते. तुमच्या टीमची हरतानाची बेरीज ९५-९६ असेल आणि शॉट मात्र समोरच्याइतके किंवा जास्त पडत असतील, तर बरचसं नशीब फिरलंय, ते परत फिरेल. बेरीज १०१ असूनही हरत असतील तर मला काळजी वाटेल, कारण मग नशीब साथ देतंय तरी पुरत नाहीये.

प्रश्न: मी नवीन आहे, एकच सीझन झालाय बघायला लागून. टीम वाईट खेळतेय असं सगळे म्हणतात पण मला बर्फावर नेमकं वाईट काय चाललंय ते दिसत नाही. पक भराभर फिरतो आणि मग अचानक गोल होतो. कुठे बघू?

उत्तर: या प्रश्नाबद्दल मनापासून आभार, कारण माझ्या मते सगळ्यात मजेचा भाग हाच आहे आणि हरणाऱ्या टीममध्ये तो जास्त स्पष्ट दिसतो.

पकच्या मागे पळू नका. तुमच्या टीमच्या नेटमागे पक गेला की तिथेच थांबा. डिफेन्समन पक आणायला मागे जातो, जाताना खांद्यावरून एकदा-दोनदा मागे बघतो, मागून समोरच्या टीमचा माणूस सुसाट येत असतो. आता त्याच्याकडे जेमतेम एक सेकंद आहे. चांगल्या दिवशी काय होतं? त्याचा जोडीदार दुसऱ्या कोपऱ्यात थांबलेला असतो, सेंटर (मधला फॉरवर्ड) खाली वळून नेटच्या पुढ्यात आलेला असतो, विंगर (कडेचा फॉरवर्ड) बोर्डला, म्हणजे रिंकच्या भिंतीला, चिकटून उभा असतो, म्हणजे तीन पास आहेत, तो एक निवडतो, आणि दोन पासात पक बाहेर. वाईट दिवसात सेंटर आधीच वर पळालेला असतो, कारण गोल हवाय, प्रत्येकाला आपणच काहीतरी करून दाखवायचंय, विंगर पण ब्लू लाइनकडे निघालेला, आणि मागच्याला दिसतंय की कोणीच नाहीये. मग तो पक काचेवर आपटून नुसता बाहेर फेकतो, ब्लू लाइनवर उभा समोरचा डिफेन्समन तो आरामात धरतो आणि पक परत आत. हे दोनदा-तीनदा झालं की बघा खेळाडूंचे हात गुडघ्यांवर यायला लागतात. एक शिफ्ट म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेकंद, एवढ्या वेळात जीव तोडून स्केटिंग करून बेंचवर परत यायचं असतं, आणि यांना अडकून सव्वा मिनिट झालेला असतो.

आता यात दुसरा पिरियड आला की अजून कठीण, कारण बाजू बदलतात आणि आपला बेंच आपल्या नेटपासून लांब जातो, दमलेला माणूस बेंचपर्यंत पोचेपर्यंत समोरचे आत घुसलेले असतात. आणि घाबरून पक अर्ध्या रेषेच्या मागून पार दुसऱ्या टोकाला फेकला तर आयसिंग होतं, पक परत यांच्याच नेटजवळ येतो आणि ज्यांनी आयसिंग केलं त्यांना खेळाडू बदलता येत नाहीत. तेच पाच दमलेले, समोर पाच ताजे. तुम्ही म्हणता ना अचानक गोल होतो, तो अचानक नसतो हो, तो बऱ्याचदा मिनिटभर आधी सुरू झालेला असतो. पुढच्या मॅचला फक्त दुसरा पिरियड असा बघा, फक्त नेटमागचा पक आणि किती जण मदतीला खाली आलेत. टीम सुधारायला लागली की ते स्कोअरमध्ये दिसायच्या आधी इथे दिसतं, सेंटर परत खाली यायला लागतो.

प्रश्न: आमचा सगळ्यात चांगला सेंटर "अपर बॉडी इंजुरी" म्हणून बाहेर आहे. म्हणजे नक्की काय? आणि कधी येणार ते कोणी का सांगत नाही?

उत्तर: मुद्दामच सांगत नाहीत. दुखरी जागा कळली तर समोरचे तिथेच धक्के देतील ही भीती असते, म्हणून कमरेच्या वर ते अपर बॉडी, खाली ते लोअर बॉडी, बस. त्यापेक्षा टीमने त्याला कुठल्या यादीत टाकलंय ते बघा. साध्या इंजर्ड रिझर्व्हवर किमान सात दिवस बाहेर. लाँग टर्म इंजर्ड रिझर्व्हवर टाकला तर किमान २४ दिवस आणि १० मॅच. आणि तो प्रॅक्टिसला वेगळ्या रंगाची जर्सी घालून दिसला, म्हणजे कोणी धक्का द्यायचा नाही अशी, तर दिवस जवळ आलेत असं समजा.

प्रश्न: कोचला काढा म्हणून ओरडा चालू आहे. मी पण ओरडतोय. कोच बदलून खरंच फरक पडतो का?

उत्तर: कधी कधी खूप पडतो. पिट्सबर्गने फेब्रुवारी २००९ मध्ये कोच बदलला आणि त्याच वर्षी कप जिंकला, २०१५ च्या डिसेंबरमध्ये परत बदलला आणि २०१६ ला परत जिंकला. लॉस एंजेलिसने डिसेंबर २०११ मध्ये बदलला, आपल्या अर्ध्या लीगमध्ये आठव्या, म्हणजे शेवटच्या पात्र नंबरने कसेबसे प्लेऑफमध्ये शिरले आणि २०१२ चा कप घेऊन गेले. ही उदाहरणं सगळ्यांना पाठ असतात. बफेलोचं २०२१ चं कोणी काढत नाही, तिथे १७ मार्चला कोच काढला तरी हार थांबायला ३१ मार्च उजाडला, तोपर्यंत सलग १८ मॅच विजय नव्हता. आणि ब्लूजचा नवा कोच नोव्हेंबरमध्ये आला होता, शेवटचा नंबर जानेवारीत होता, म्हणजे सहा आठवडे त्यालाही टीम वर काढता आली नव्हती.

मला सगळ्यात शिकण्यासारखं एडमंटनचं वाटतं. २०२३-२४ सीझनच्या सुरुवातीला १३ मॅचमध्ये ३ विजय, आणि १२ नोव्हेंबरला कोच गेला. पण त्या तेरा मॅच ज्यांनी बारकाईने बघितल्या ते सांगत होते की चांगल्या जागेवरून शॉट यांचेच जास्त आहेत, फक्त आपले आत जात नाहीत आणि समोरच्यांचे सगळे आत जातायत. नवा कोच आला, ख्रिसमसच्या आसपास सुरू झालेली विजयांची रांग १६ वर जाऊन थांबली, १९९२-९३ च्या पिट्सबर्गच्या १७ च्या रेकॉर्डला एक कमी, आणि जूनमध्ये ते फायनलच्या सातव्या मॅचपर्यंत गेले, तिथे फ्लोरिडाकडून २-१ ने हरले. आता यात नव्या कोचचं किती आणि नशीब फिरल्याचं किती? मला वाटतं दोन्ही होतं, आणि जुन्या कोचच्या वाट्याला फक्त वाईट महिना आला. म्हणून ओरडण्याआधी मी एवढंच बघेन की खेळाडू अजून त्याचं ऐकतायत का. ऐकत नसतील तर ते पेनल्टी किलमध्ये, म्हणजे शिक्षेमुळे एक माणूस कमी असताना लगेच दिसतं, तिथे चौघांनी एका दोरीत बांधल्यासारखं हलावं लागतं आणि मन उडालेली टीम तिथे पहिल्यांदा विस्कटते. ते अजून नीट करत असतील तर कोचला थोडा वेळ द्या.

प्रश्न: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, टीम हरली की रडतो, झोपत नाही, दुसऱ्या दिवशी शाळेत पण गप्प असतो. बघणंच बंद करावं का? बाबा म्हणतात खेळ आहे, एवढं काय.

उत्तर: ताई, बंद करू नका, आणि "खेळच आहे" हे त्याला कृपया सांगू नका. त्याच्यासाठी ते खरं आहे, आणि त्याला जे मनापासून आवडतं ते आपण छोटं केलं तर तो रडायचा थांबणार नाही, फक्त आपल्यासमोर रडणार नाही. वाईट वाटणारच, त्याची टीम आहे ना ती.

त्याचं लक्ष मात्र स्कोअरवरून थोडं हलवता येतं. त्याला एक खेळाडू निवडायला सांगा, स्टार नको, चौथ्या लाइनमधला कोणीतरी, जो एका मॅचमध्ये जेमतेम दहा मिनिटं खेळतो. संपूर्ण मॅच त्यालाच बघायचं, त्याने किती शॉट अंगावर घेतले, किती फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये पक टाकतात ती झटापट) जिंकले, बेंचवर आल्यावर शेजारच्याशी काय करतो, कोणाच्या हेल्मेटवर टपली मारतो. एक कागद द्या, त्याला लिहू दे. पक म्हणजे १७० ग्रॅमचं गोठवलेलं कडक रबर, ते ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येताना कोणी मुद्दाम पुढ्यात झोपतो, आणि टीम पाच-एकने हरत असताना झोपतो, हे मुलाला एकदा दिसलं की तो स्वतःच त्या माणसाच्या बाजूने बोलायला लागतो. हरलेल्या मॅचमध्ये पण त्याच्याकडे सांगायला काहीतरी राहतं.

झोपेचं म्हणाल तर मॅच अडीच तास चालते आणि तिसरा पिरियड सगळ्यात जड असतो, तर शाळेच्या आदल्या रात्री दोन पिरियड बघून झोप, निकाल सकाळी, हा नियम चालून जातो. आणि सकाळी निकाल त्याला तुम्ही सांगा, त्याने फोनवर नको शोधायला, कारण तिथे मोठी माणसं खेळाडूंबद्दल जे लिहितात ते दहा वर्षांच्या मुलाने वाचू नये असं असतं. त्याला ब्लूजच्या गोलकीपरची गोष्ट पण सांगा, जॉर्डन बिनिंग्टन. आदल्या वर्षी त्याला चक्क बॉस्टनच्या खालच्या लीगमधल्या टीमकडे उधार पाठवलं होतं, ब्लूजच्या यादीत तो मागे कुठेतरी होता, आणि टीम तळाला असताना ७ जानेवारी २०१९ ला त्याला पहिली मॅच सुरुवातीपासून खेळायला दिली, फिलाडेल्फियात, तर ३-० ने जिंकला, एकही गोल दिला नाही. आणि पुढे फायनलला समोर कोण, तर बॉस्टन. मुलांना हे फार आवडतं.

प्रश्न: प्लेऑफ तर गेलंच आहे. मग मुद्दाम हरून ड्राफ्टमध्ये पहिला नंबर का घेऊ नये? मी तर आता हरलो की खुश होतो.

उत्तर: तुमचा थकवा कळतो, पण हिशोब तुम्हाला वाटतो तेवढा सोपा नाहीये. ड्राफ्टला, म्हणजे टीम पाळीपाळीने नवीन तरुण खेळाडू निवडतात त्याला, आधी कोण निवडणार यासाठी लॉटरी असते. आत्ताच्या नियमाने अगदी शेवटच्या टीमलासुद्धा पहिला नंबर मिळायची शक्यता २५.५ टक्के आहे, म्हणजे चारातल्या तीन वेळा तो दुसऱ्याच कोणाकडे जातो, फक्त एवढं की तिसऱ्याच्या खाली ती घसरत नाही. २०२३ मध्ये ॲनाहाइम शेवटचे होते आणि पहिला निवडला गेलेला कॉनर बेडार्ड गेला शिकागोला. २०२५ मध्ये सॅन होजे शेवटचे आणि पहिला नंबर न्यूयॉर्क आयलंडर्सना. २०२० चं डेट्रॉइट तर बघवत नव्हतं, ७१ मॅचमध्ये १७ विजय, आणि जुन्या नियमाने ते थेट चौथ्यावर ढकलले गेले.

आणि पहिला नंबर मिळाला तरी पुढे काय? एडमंटनला २०१०, २०११, २०१२ अशी सलग तीन वर्षं पहिली निवड मिळाली, तरी २००६-०७ पासून सलग दहा सीझन ते प्लेऑफच्या बाहेर होते, २०१५ ला चौथ्यांदा पहिला नंबर लागून कॉनर मॅकडेव्हिड आला तेव्हा कुठे गाडी हलली. वीस-एकवीस वर्षांची पोरं दोन-तीन वर्षं रोज हरणाऱ्या ड्रेसिंग रूममध्ये वाढली की त्यांच्या खेळात ते मुरतं असं मला ठाम वाटतं. आणि बर्फावरचा कोणीही मुद्दाम हरत नसतो, ज्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय त्याला पुढच्या वर्षीची नोकरी हवीय. हरायची व्यवस्था झालीच तर ती वर ऑफिसात होते, चांगले खेळाडू विकून. तुम्ही खुश व्हायचं तर खालच्या टीममधून वर आणलेल्या नवीन मुलांवर व्हा ना, मार्च-एप्रिलमध्ये त्यांना भरपूर खेळायला मिळतं आणि पुढचा सीझन तिथेच दिसतो.

प्रश्न: डेडलाइनच्या, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेच्या, आधी आमचा आवडता खेळाडू विकणार असं ऐकतेय. माझ्याकडे त्याची जर्सी आहे. मला खूप वाईट वाटतंय आणि घरातले हसतायत.

उत्तर: हसू देत. सात-आठ वर्षं ज्याला दर दोन दिवसांनी बघितलं तो निघून जाणार म्हटल्यावर वाईट वाटणारच, त्यात हसण्यासारखं काही नाही. जर्सी ठेवा, आणि घालत पण राहा, रिंकवर जुन्या खेळाडूंच्या जर्सी घातलेले लोक सगळीकडे असतात.

विकणं बरोबर की चूक ते मात्र त्या दिवशी कळत नाही. रायन ओ'रायली बफेलोत होता, २०१८ ला सीझन संपल्यावर त्याने सरळ सांगितलं की सतत हरून हरून खेळाबद्दलचं प्रेम कधी कधी हरवत होतं, आणि त्या जुलैमध्ये त्याला सेंट लुईसला दिलं. वर ज्या ब्लूजबद्दल लिहिलंय त्याच टीममध्ये तो गेला, जानेवारीत शेवटचा नंबर त्याने पण बघितला, आणि जूनमध्ये कप हातात आणि प्लेऑफचा सगळ्यात मोलाचा खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी पण. बफेलोच्या लोकांना ते किती लागलं असेल. पण त्याच सौद्यात बफेलोकडे एक उंच, तेव्हा फारसा कोणाला माहीत नसलेला मुलगा आला, टेज थॉम्पसन, त्याला चार वर्षं लागली आणि २०२२-२३ मध्ये त्याने ४७ गोल केले. तुमचा खेळाडू जाईल तेव्हा बदल्यात कोण येतोय त्याचं नाव लिहून ठेवा, आणि लगेच निकाल लावू नका.

प्रश्न: आमचा कोच शेवटच्या दोन मिनिटांत गोलकीपरलाच बाहेर काढतो आणि दरवेळी रिकाम्या नेटमध्ये गोल बसतो! हा वेडेपणा का?

उत्तर: एका गोलने मागे असताना तो गोलकीपरऐवजी सहावा खेळाडू आणतो, बरोबरी साधायला. बहुतेक वेळा जमत नाही आणि रिकाम्या नेटचा गोल डोळ्यात राहतो, पण ३-२ ने हरा की ४-२ ने, पॉइंट शून्यच मिळणार आहे, आणि बरोबरी झाली तर निदान एक पॉइंट खिशात. म्हणूनच आजकाल कोच शेवटच्या मिनिटापर्यंत थांबत नाहीत, दोन-अडीच मिनिटं आधीच काढतात, दोनने मागे असतील तर त्याहून आधी. ज्या टीमला सारखं मागून यावं लागतं तिच्यावर ही वेळ जास्त येते, म्हणून तुम्हाला दरवेळी वाटतंय. ओव्हरटाइममध्ये मात्र कोच हे सहसा करत नाहीत, कारण नियमित सीझनमध्ये तिथे स्वतःहून गोलकीपर काढला आणि गोल बसला तर आधी कमावलेला तो एक पॉइंटसुद्धा जातो.